मांडीवरचे खळगे आणि डब्यात उरलेली भाकरी

तिला माझ्याकडे आणलं मेसवाल्या मावशींनी. "मॅडम, ही पोरगी दोन महिने झालं डब्यात भाकरी तशीच ठेवायली. इचारलं तर पोट भरलं म्हणते. पळणाऱ्या पोरीचं एवढ्यात पोट भरतं का?"

पोलीस भरतीच्या तयारीला औसा, निलंगा, अहमदपूरकडच्या मुली लातुरात खोली करून राहतात. पहाटे पाचला ग्राउंडवर. ही त्यांतलीच, वय २१. तिला रेखा म्हणू. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. तिची ८०० मीटरची वेळ ३ मिनिटं ५ सेकंदांवरून ३ मिनिटं २५ सेकंदांवर घसरली होती आणि वजन वाढल्यामुळेच हे झालं, अशी तिची खात्री होती. वजन किती? ४७ किलो.

मी भरतीचं टेन्शन धरून बोलत राहिले. बऱ्याच वेळानं तिनं खाली बघतच सांगितलं, "मांडीला मागून खड्डे पडलेत मॅडम." कपडे बदलताना रूममेट हसून म्हणाली होती, तुझी मांडी मोसंबीच्या सालीसारखी दिसायली. त्या दिवसापासून शॉर्ट्स बंद. लातूरच्या मे महिन्यात ही पोरगी काळ्या ट्रॅकपँटमध्ये पळत होती. रात्रीचं जेवण सोडलं. एका पार्लरमध्ये मांड्यांना प्लॅस्टिक गुंडाळून घाम काढायचं पॅकेज घेतलं, तेही घरून क्लासच्या फीसाठी आलेल्या पैशांतून. त्यात फोनवर 'सेल्युलाइट', म्हणजे कातडीवरच्या याच खळग्यांचं नाव, शोधताना 'सेल्युलायटिस'ची माहिती पुढे आली आणि दोन रात्री झोप उडाली. नावं जुळी, पण सेल्युलायटिस हा त्वचेचा जंतुसंसर्ग. त्यात पाय लाल होतो, गरम लागतो, सुजतो, दुखतो, ताप येतो, आणि तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. सेल्युलाइट हा आजारच नाही.

इथं मी चुकले. "अगं, हे बहुतेक बायकांना असतं, सोडून दे," असं म्हणून मोकळी झाले. माहिती खरी होती. वयात आल्यानंतर ८० ते ९० टक्के बायकांमध्ये हे कमीजास्त दिसतं. पण ती "बरं मॅडम" म्हणून उठली आणि तीन आठवडे फिरकली नाही. जी गोष्ट तिनं दोन महिने ट्रॅकपँटखाली लपवली होती, तिला मी दोन मिनिटांत 'सोडून दे' म्हटलं होतं. तिनं त्याचा अर्थ घेतला, हे पुन्हा बोलू नको.

मावशींनी तिला दुसऱ्यांदा आणलं तेव्हा मी समजूत काढायला गेलेच नाही. नुसतं विचारलं, तू हे बघतेस कुठं? बाथरूममध्ये, डोक्यावरच्या बल्बखाली, मान मागे वळवून. वरून पडणाऱ्या उजेडात प्रत्येक खळग्याची सावली गडद होते, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग कागदावर रेघा ओढून दाखवल्या. वर कातडी, खाली स्नायू, मध्ये चरबीचा थर. कातडीला खालच्या थराशी बांधणारे चिवट धागे त्या चरबीतून जातात. बायकांमध्ये हे धागे बरेचसे उभे असतात. ते कातडीला खाली ओढतात आणि मधली चरबी वर फुगते. पुरुषांमध्ये ते जाळीसारखे तिरपे विणलेले असतात, म्हणून त्यांना हे क्वचितच दिसतं. इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक, घराण्याचा वारसा, वयानुसार पातळ होणारी कातडी, सगळ्यांचा यात हात असतो.

ती कागदाकडे बघत राहिली. "म्हणजे गादीच की मॅडम. टाका मारला तिथं खळगा, बाजूला कापूस वर." इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं. पुढचं तिनंच जोडलं, "कापूस कमी केला तरी टाका ऱ्हाणारच."

म्हणूनच बारीक बायकांनाही खळगे असतात आणि उपाशी राहून ते जात नाहीत. वजन जास्त असेल तर ते कमी केल्यावर थोडा फरक पडतो; झपाट्यानं उतरवलं तर कातडी सैल पडून उलट जास्त उठून दिसतं. लायपोसक्शननं, म्हणजे नळीनं चरबी ओढून काढली, तरी धागे तसेच राहतात. प्लॅस्टिक गुंडाळून जातं ते पाणी, आणि तांब्याभर पाणी प्यायलं की परत येतं.

पण मला काळजी वेगळीच होती. पाळी कधी आली होती विचारलं, तर तीन महिने नाही. इतकं पळून इतकं कमी खाल्लं की शरीर पहिल्यांदा तिथं काटछाट करतं, पुढे हाडंही कमजोर होतात. वेळ घसरली होती ती उपासमारीनं. तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन कमी निघालं. संध्याकाळची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दोन अंडी पुन्हा सुरू झाली. मावशींनी हिशोब ठेवला, माझ्यापेक्षा कडक.

तरीही "मला कमी करायचंच हाय" हा तिचा हट्ट होता, आणि तो मी खोडला नाही. तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला सांगितलं, जे खरं तेच सांगितलं. ०.३ टक्के रेटिनॉलचं (अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) क्रीम निदान सहा महिने लावलं तर कातडी थोडी जाड होऊन खळगे जरा कमी दिसू शकतात. गरोदरपणात ते वापरायचं नाही. कॅफिनच्या क्रीमचा परिणाम लावणं थांबवलं की ओसरतो. मालिशनं काही वेळ बरं दिसतं. बैठका आणि वजनाचे व्यायाम तर ती करतच होती. भरलेल्या स्नायूवर कातडी जरा ताणून बसते. डॉक्टर बारीक सुईनं ते धागेच कापतात, तो परिणाम तीनेक वर्षं टिकल्याची नोंद आहे, पण खर्च मोठा आणि पाय काळानिळा पडतो. अमेरिकेत २०२० मध्ये यावर एक इंजेक्शन मंजूर झालं होतं. काळेनिळे डाग पडायचे म्हणून कंपनीनं २०२२ मध्येच ते गुंडाळलं. एवढं सगळं ऐकून तिनं क्रीमवर बोट ठेवलं.

मधल्या काळात पाळी सुरू झाली, वेळ ३ मिनिटांच्या आत आली. सात महिन्यांनी पेढे घेऊन आली, भरतीचे नव्हेत, भावाच्या लग्नाचे.

"क्रीमचं काय झालं गं?"

"डाव्याच पायाला लावलं मॅडम. उजवा तसाच ठेवला, बघावं म्हणून."

"मग?"

"बल्बखाली डावा जरा बरा दिसायला. ग्राउंडवर दोन्ही सारखेच," ती म्हणाली आणि पेढ्याचा डबा मावशींकडे सरकवला.