केंटकीच्या गव्हर्नरांची पत्रं: सुरुवात कुठून करावी

अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळातली ही हस्तलिखित पत्रं उतरवून काढताना आधी घडी घातलेल्या पत्राची बाहेरची बाजू बघा. कारकुनाने तिथे पाठवणारा, विषय आणि बरेचदा निकालही टिपलेला असतो.

मग तारीख. गव्हर्नर मॅगॉफिन १८ ऑगस्ट १८६२ला पायउतार झाले, मग रॉबिन्सन. १ सप्टेंबर १८६३पासून ब्रॅमलेट. नुसतं ‘गव्हर्नर’ लिहिलं असेल तर तारखेवरूनच माणूस ठरतो. कॉन्फेडरेट (फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या) बाजूचे गव्हर्नर जॉन्सन आणि हॉज वेगळे, गल्लत नको.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:
- ‘इन्स्ट.’ म्हणजे चालू महिना, ‘अल्ट.’ म्हणजे मागचा. इथे तारीख हमखास घसरते.
- जोड ‘एस’मधला (ss) पहिला बरेचदा लांब काढलेला असतो, तो ‘एफ’ (f) वाचला जातो.
- स्पेलिंग सुधारू नका, आहे तसंच उतरवा.

दंडमाफीच्या अर्जांपासून सुरू करा. साचा ठरलेला, हात लवकर बसतो. लष्करी हुद्द्यांच्या शिफारशी नंतर.