पाच जणांची मुंबईहून क्रूझ सव्वा लाखात होईल का?

तुमचा प्रश्न असा आहे: पाचोऱ्याहून आई-वडील, तुम्ही दोघं आणि आठ वर्षांचा मुलगा असे पाच जण मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवर जायचं म्हणताय. जाहिरातीत तीन रात्रींचे माणशी २५ हजार आणि 'सगळं समाविष्ट' असं लिहिलंय, तर सव्वा लाखात भागेल का?

भाऊ, सव्वा लाखात नाही भागणार. दोन लाख बाजूला काढा, मग निर्धास्त जाल. हे दोन लाख कुठून आले ते सविस्तर सांगते, कारण नुसत्या आकड्यापेक्षा त्याची फोड तुमच्या जास्त कामाची आहे. मी भुसावळची. सासू-सासऱ्यांना घेऊन आम्ही अशीच सहल केली आहे आणि आमच्या घरात हिशेबाची वही माझ्याकडे असते.

आधी 'सगळं समाविष्ट' म्हणजे काय ते बघा. आपल्याकडे दिसणाऱ्या बहुतेक जाहिरातींत त्याचा अर्थ कॅबिन, ठरलेल्या हॉलमधलं आणि बुफेचं जेवण, स्विमिंग पूल आणि काही कार्यक्रम एवढाच असतो. दारू, कोल्ड्रिंक, वेगळ्या रेस्टॉरंटमधलं जेवण, वायफाय, मसाज, कॅसिनो आणि किनाऱ्यावर उतरून करायची सहल यांचे पैसे बहुधा वेगळे लागतात. बंदराचे चार्जेस, सेवाशुल्क आणि जीएसटी हे जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यात धरलेत की नाही, ते तर प्रत्येक वेळी विचारावंच लागतं. खरोखर सगळं धरून तिकीट देणाऱ्या कंपन्या जगात आहेत. रीजेंट सेव्हन सीज, सिल्व्हरसी या त्यातल्याच. पण त्यांचे दर आपल्या या सहलीच्या कितीतरी पटीत असतात, आणि तीन रात्रींच्या कौटुंबिक सहलीशी त्यांचा संबंध नाही.

ही सीमारेषा जहाजावर कशी दिसते त्याचं एक उदाहरण देते. आमच्या नानांना, म्हणजे सासऱ्यांना, दुपारी चारला चहा लागतो. बुफेत मशिनचा चहा कितीही प्या, पैसे नाहीत. त्याच मजल्यावर वीस पावलांवर काचेचा सुंदर कॉफी काउंटर, तिथली कॉफी मात्र विकत. दोन्हीकडे गणवेशातली माणसं तितक्याच अदबीनं कप पुढे करतात, आणि रोख पैसे कुठेच द्यायचे नसल्यामुळे फरक कळत नाही. कॅबिनचं कार्ड पुढे केलं की खर्च खात्यावर चढतो. म्हणून पहिल्याच दिवशी आई-वडिलांना सोबत फिरवून दाखवा की इथं बिनधास्त खा-प्या, आणि तिथं बसायचं असेल तर मला हाक मारा. एकदा एवढं केलं की तीन दिवस त्यांना कुणाला भाव विचारावा लागत नाही. वडीलधाऱ्यांना परक्या ठिकाणी भाव विचारायचा संकोच वाटतो आणि मग ते नको नको म्हणत बसतात. असं होऊ देऊ नका, त्यांच्यासाठीच तर चाललाय.

आता कॅबिन. माणशी २५ हजार हा दर एका कॅबिनमध्ये दोघं धरून असतो, आणि तो बहुधा सर्वांत स्वस्त, म्हणजे आतल्या बाजूच्या, बिनखिडकीच्या कॅबिनचा असतो. त्याच कॅबिनमध्ये तिसरा, चौथा माणूस आला तर त्याला सहसा कमी दर पडतो. तुम्हाला दोन कॅबिन लागतील: एकीत आई-वडील, दुसरीत तुम्ही तिघं. मुलगा तिसरा म्हणून स्वस्तात बसेल.

माझं ठाम मत असं की पैसे वाचवायचे तर स्वतःच्या कॅबिनवर वाचवा. तुम्ही तिघं आतल्या कॅबिनमध्ये खुशाल राहा, कारण तुम्ही तिथं फक्त झोपायला जाणार. आई-वडील मात्र दुपारी दोन-तीन तास आडवे होणार. बिनखिडकीच्या खोलीत दिवा मालवला की दिवस आहे का रात्र तेही कळत नाही, त्यात जहाजाची थरथर, आणि म्हाताऱ्या माणसांचा जीव घाबरा होतो. त्यांना खिडकीची कॅबिन घ्या, परवडली तर बाल्कनीची. ज्यांनी आयुष्यभर तापी-गिरणेचं पाणी पाहिलं, त्यांना पलंगावर बसून समुद्र दिसला पाहिजे. जागा जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर मागा, तिथं डोलणं कमी जाणवतं. लिफ्टजवळची मिळाली तर आईंचे गुडघे दुवा देतील. बाथरूमचा उंबरा बऱ्याच जहाजांवर उंच असतो, तोही आधी दाखवून ठेवा.

आता आकडे. हे मी समजून चालण्यासाठी धरलेत. तुमच्या हातात खरं कोटेशन आलं की त्या-त्या जागी खरा आकडा टाका. चार मोठ्यांचे २५ हजारांप्रमाणे एक लाख. मुलाचे समजा १२ हजार. चार्जेस आणि कर माणशी ५ हजार धरले तर पाच जणांचे २५ हजार. म्हणजे जहाजावर पाय ठेवेपर्यंतच १ लाख ३७ हजार झाले. मुंबईपर्यंतचं रेल्वेचं थर्ड एसीचं जाणं-येणं ८ हजार (मुलाला बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं). मुंबईत एका रात्रीच्या दोन खोल्या ८ हजार, टॅक्सी २ हजार. किनाऱ्यावरच्या सहलीला माणशी २ हजार धरून १० हजार. जहाजावरचा किरकोळ खर्च १० हजार. कपडे, चपला, बॅगा, औषधं यांना ७ हजार. बेरीज १ लाख ८२ हजार. वर दहा टक्के हाताशी ठेवा, की झाले दोन लाख. आईंच्या खिडकीसाठी जो फरक द्यावा लागेल तो यात नाही, तो कोटेशन आल्यावर वर चढवा. घरातून निघाल्यापासून घरी परत येईपर्यंतचा खर्च म्हणजे बजेट, नुसतं तिकीट म्हणजे बजेट नव्हे.

आणि एक विनंती: हप्त्यावर जाऊ नका. 'आता फिरा, नंतर भरा' या जाहिराती हल्ली फार दिसतात. तीन रात्रींच्या सहलीचा हप्ता पुढच्या पेरणीपर्यंत भरत बसणं मला पटत नाही. त्यापेक्षा सहल सहा महिने पुढे ढकला आणि दर महिन्याला आरडी भरा.

पुढे ढकलण्यात आपल्या भागाचा फायदाही आहे. दिवाळी, नाताळ आणि ३१ डिसेंबरच्या आसपास दर सगळ्यांत चढे असतात, आणि शनिवार-रविवार जोडून निघणाऱ्या फेऱ्यांचेही. आपल्याकडे कापसाचा पैसा हातात येता येता डिसेंबर-जानेवारी उजाडतो. नाताळची गर्दी ओसरल्यावर, जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, आठवड्याच्या मधल्या वारी निघणारी फेरी बघा. दर उतरलेले असतात, समुद्र शांत असतो आणि हवा आल्हाददायक असते. मुलाची तीन-चार दिवस शाळा बुडेल, ती बुडू द्या. एप्रिलअखेर ते मे हा काळ आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि लग्नसराईमुळे सोयीचा वाटतो, पण उकाडा असतो आणि मेअखेरीला समुद्र उसळायला लागतो. पावसाळ्यात मुंबईहून विचारच करू नका. २०२१ पासून मुंबईहून फेऱ्या करणारं कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं 'एम्प्रेस' जहाजही पावसाळ्यात चेन्नईकडून फिरत आलं आहे.

पहिल्यांदा जाताय आणि सोबत वयस्कर माणसं आहेत, तर गोव्याची फेरी मला जास्त बरी वाटते. लक्षद्वीप सुंदर आहे, पण तिथं मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही. खोल पाण्यात थांबतं आणि छोट्या बोटीत बसून उतरावं लागतं. त्या हलत्या बोटीत पाय टाकणं गुडघेदुखीच्या माणसाला जड जातं. शिवाय लाटा असल्या तर कॅप्टन उतरणं रद्द करू शकतो, आणि अशा वेळी तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत. अटींमध्ये तसं लिहिलेलं असतं. कुठेही गेलात तरी आई-वडिलांना आधीच सांगून ठेवा की एखादं ठिकाण हुकू शकतं.

मुंबई गाठायचा भाग आपल्यासाठी सोपा आहे. जहाज बॅलार्ड पिअरहून सुटतं आणि ते सीएसएमटीहून टॅक्सीनं अगदी जवळ आहे. भुसावळ-जळगावकडच्या रात्रीच्या गाड्या पहाटे सीएसएमटीला सोडतात. तरी मी एक रात्र आधी जाऊन राहायला सांगेन. एक तर पहाटे पाचला उतरून बोर्डिंगच्या वेळेपर्यंत बॅगा सांभाळत बसणं आईंना झेपणार नाही. दुसरं म्हणजे गाडी चार-पाच तास रखडली तर जहाज थांबत नाही आणि पैसेही बुडतात. वर खोल्यांसाठी धरलेले ८ हजार त्याचसाठी आहेत. परतीला जहाज सकाळी लागलं तरी सामान-सोपस्कारांत वेळ जातो, म्हणून संध्याकाळनंतरचीच गाडी घ्या. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि क्रूझ त्याच्याही आधी बुक होते, तेव्हा आरक्षण उघडायच्या तारखेचा फोनमध्ये अलार्म लावून ठेवा.

जहाजावर पैसा नकळत गळतो तो फोनमधून. किनारा सुटला की आपलं नेटवर्क जातं आणि जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडलं जातं. त्याचा दर फार महाग असतो आणि नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये ते सहसा बसत नाही. जहाज सुटताना पाचही जणांचे फोन स्वतःच्या हातानं एअरप्लेन मोडवर टाका. वडिलांना रोज संध्याकाळी कुणाशी बोलायचंच असेल तर एकाच फोनवर वायफाय घ्या. मुलाच्या कार्डावर खर्च बंद करून मिळतो का ते पहिल्याच दिवशी काउंटरवर विचारा, व्हिडिओ गेमची खोली असते. फोटोग्राफर जागोजागी हसतमुखानं फोटो काढतात. काढणं फुकट, प्रिंट विकत. आणि खात्याचा हिशेब शेवटच्या रात्री जेवणाआधीच मागून बघा. सकाळी त्या काउंटरवर ही मोठी रांग लागते, आणि उतरायची घाई असताना कुणी ओळी तपासत नाही.

इस्त्री, इलेक्ट्रिक किटली, पाणी तापवायची कॉइल नेऊ नका. आगीच्या भीतीनं ती काढून घेतात. बाहेरचं खाणंही सहसा आत नेऊ देत नाहीत. शाकाहारी आणि जैन जेवण चांगलं मिळतं, पण तिखटाला आपला झटका नसतो. दुसऱ्या दिवशी वडील ठेचा मागणार, तेव्हा वाढणाऱ्याला हिरवी मिरची आणि लसूण मागा. आमच्या नानांना दर जेवणाला वाटीभर मिळत होती.

जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी वेगळी आणि बरीच असते. बीपी-शुगरच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्या आणि त्या मोठ्या बॅगेत टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. बॅगा कॅबिनमध्ये उशिरा पोचतात. मळमळीची गोळी आपल्या डॉक्टरांना विचारून आधीच आणून ठेवा. प्रवास विमा घेताना आधीचे आजार धरलेत का तेवढं वाचा.

सिंगापूरहून जाणाऱ्या क्रूझचंही कुणीतरी सुचवेल. जहाजं मोठी आणि देखणी असतात, वाद नाही. पण विमान, व्हिसा, तिथलं हॉटेल, डॉलरमध्ये माणशी रोजची टिप आणि पॅकेजवरचा टीसीएस (पॅकेज विकतानाच वसूल होणारा आयकर) हे सगळं वर चढतं. टीसीएस रिटर्न भरताना वळता होतो, तरी आत्ता खिशातून जातोच. पाच जणांचं ते गणित दोन लाखांच्या जवळपासही येत नाही. आधी मुंबईहून जाऊन या. आवडलं तर तोपर्यंत सगळ्यांचे पासपोर्ट काढून ठेवा.

एजंटाकडून कोटेशन घेताना तोंडी भाव ऐकू नका. पाच जणांची एकूण रक्कम, सर्व करांसह, कॅबिन नंबर आणि रद्द केल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती कापणार, हे सगळं एका कागदावर किंवा मेलवर लेखी मागा. तो कागद आला की इथं आकडे टाका (नाव-नंबर झाकून), मी ओळीनं बघून सांगते.