‘शास्त्रात कुठे लिहिलंय, ते दाखवा!’

प्रश्न : आदरणीय फादर, आम्ही कॅथलिक. धाकटी जाऊ प्रोटेस्टंट घरातून आलेली. ती बायबल माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वाचते, हे मी मान्य करते. पण संतांकडे विनंती असो, मृतांसाठी प्रार्थना असो की पोपचा अधिकार, विषय निघाला की तिचं एकच उत्तर : “शास्त्रात कुठे लिहिलंय, ते दाखवा.” मला दाखवता येत नाही, मग गप्प बसावं लागतं. पवित्र शास्त्र हाच धर्मसत्याचा एकमेव आधार आहे का?

उत्तर : ताई, आधी मी तुमच्या जावेची बाजू घेणार आहे, रागावू नका. तिचा प्रश्न चांगला आहे आणि तो विचारण्यामागे मोठा इतिहास आहे. पापांच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं पैसे घेऊन वाटली जात होती, त्या काळात प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन ल्यूथर उभा राहिला. १५२१ साली वर्म्सच्या राजसभेत ‘लिहिलेलं मागे घे’ असं त्याला फर्मावण्यात आलं. पोप आणि धर्मपरिषदा चुकल्या आहेत, एकमेकांच्या विरुद्धही बोलल्या आहेत. शास्त्राच्या किंवा स्पष्ट तर्काच्या आधारे मला पटवून द्या, नाहीतर मी काही मागे घेणार नाही, असं त्याचं उत्तर होतं. धर्माच्या नावावर व्यापार चालला असताना ‘कुठे लिहिलंय?’ असं कोणीतरी विचारायलाच हवं होतं.

शिवाय तिची भूमिका नीट समजून घ्या. जाणकार प्रोटेस्टंट माणूस परंपरा कचऱ्यात टाकत नाही. ल्यूथरने प्राचीन श्रद्धा-अंगीकार (विश्वासाची थोडक्यात मांडणी करणारी जुनी वचनं) ठेवले, बालकांचा बाप्तिस्माही ठेवला. त्यांचं म्हणणं एवढंच, की न चुकणारं प्रमाण फक्त शास्त्र. बाकी सगळं उपयोगी, पण शास्त्रावर तपासून घ्यायचं.

आता तिचाच प्रश्न तिला प्रेमाने विचारा : शास्त्र हेच एकमेव प्रमाण, हे शास्त्रात कुठे लिहिलंय?

ती बहुतेक प्रेषित पौलाने आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहिलेलं दुसरं पत्र उघडेल, तिसरा अध्याय, १६वं वचन. सगळं शास्त्र देवप्रेरित आहे आणि शिकवायला, चूक दाखवायला, सुधारायला उपयोगी आहे, असं तिथे आहे. अगदी खरं. फक्त तिला दोन वचनं मागे जायला सांगा. (वचन एकटं उचलून वाचू नये, असं सेमिनरीत शिकवता शिकवता माझा घसा बसला.) तू लहानपणापासून शास्त्र जाणतोस, असं पौल तिथे म्हणतो. तीमथ्याच्या लहानपणी कोणतं शास्त्र होतं? जुना करार. नवा करार अजून तयार व्हायचा होता. मग हे वचन ‘एवढंच पुरे’ असं सांगत असेल, तर शुभवर्तमानंही अधिकची ठरतील, आणि ते तिलाही चालणार नाही. तू कोणाकडून शिकलास ते विसरू नको, असंही पौल त्याच दमात सांगतो. याच पत्राच्या सुरुवातीला तीमथ्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची नावं आली आहेत. पोराकडे शास्त्र पोहोचलं ते या दोघींच्या विश्वासाबरोबर.

थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात तर पौल स्वच्छ सांगतो, की आम्ही तोंडी किंवा पत्राने जे शिकवलं ते धरून राहा (२:१५). यावर तिचं उत्तर असेल, ‘तोंडी शिकवणीतलं आवश्यक तेवढं पुढे लिहिलं गेलंच की!’ उत्तर हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पण ‘आवश्यक ते सगळं लिहिलं गेलं’ हे वाक्यही शास्त्रात नाही.

खरा पेच मात्र पुढेच आहे, आणि त्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे. बायबलमध्ये कोणती पुस्तकं असावीत, हे बायबलमधलं कोणतंच पुस्तक सांगत नाही. अनुक्रमणिका देवाने लिहून दिलेली नाही. आज आपण ज्या नव्या कराराची २७ पुस्तकं मोजतो, नेमकी तेवढीच असलेली, आपल्या हाती आलेली सर्वांत जुनी यादी अलेक्झांड्रियाच्या बिशप अथनेशियसच्या पास्काच्या (ईस्टरच्या) पत्रात आहे. साल ३६७. म्हणजे पुनरुत्थानानंतर तीनशेहून अधिक वर्षं गेली होती. दरम्यान पश्चिमेकडे इब्री लोकांस पत्राबद्दल शंका होत्या, पूर्वेकडे प्रकटीकरण या पुस्तकाबद्दल. इतिहासकार युसेबियसने याकोबाचं, यहूदाचं, पेत्राचं दुसरं पत्र ‘वादग्रस्त’ गटात टाकलं होतं. उलट, आज कोणाच्याच बायबलमध्ये नसलेलं ‘हर्मासचा मेंढपाळ’ हे पुस्तक बायबलच्या चौथ्या शतकातल्या सिनाई हस्तलिखितात नव्या कराराच्या शेवटी जोडलेलं सापडतं. पुढे ३९३ साली हिप्पो आणि ३९७ साली कार्थेज इथल्या धर्मसभांनी याद्या मान्य केल्या. ख्रिस्तसभेने (म्हणजे चर्चने) या पुस्तकांना देववाणी केलं नाही. ती देववाणी होतीच. पण ती ओळखली कोणी? उपासनेत ती वाचणाऱ्या आणि प्रेषितांच्या शिकवणीशी ताडून पाहणाऱ्या मंडळींनी. ती ओळख पुस्तकात छापलेली नाही.

हे तुमच्या घरातल्या वादाशी थेट जोडलेलं आहे. मृतांसाठी प्रार्थना कुठे लिहिली आहे? मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात, १२व्या अध्यायात : लढाईत पडलेल्यांसाठी यहूदा मक्काबी प्रार्थना करवतो, यरुशलेमला अर्पण पाठवतो. तुमच्या ७३ पुस्तकांच्या बायबलमध्ये ते आहे, जावेच्या ६६ पुस्तकांच्या बायबलमध्ये नाही. म्हणजे ‘दाखवा’ म्हणण्याआधी कोणत्या यादीतून दाखवायचं ते ठरवायला हवं, आणि ते वचन दाखवून ठरत नाही. (ल्यूथरलाही हा त्रास झाला. १५२२च्या प्रस्तावनेत त्याने याकोबाच्या पत्राला, इतर पुस्तकांच्या तुलनेत, गवताच्या काडीचं पत्र म्हटलं. तरी ते बाहेर काढलं नाही, याचं श्रेय त्याला द्यायला हवं.)

दुसरी अडचण अर्थाची. १५२९ साली मारबुर्गला ल्यूथर आणि स्वित्झर्लंडचा धर्मसुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले. दोघंही ‘केवळ शास्त्र’ मानणारे, दोघंही विद्वान. पंधरा मुद्द्यांपैकी चौदांवर जमलं. पंधराव्यात प्रभुभोजनाच्या वेळी ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त खरोखर तिथे असतं का, यावर अडलं. ल्यूथरने ‘हे माझे शरीर आहे’ हे वचन खडूने मेजावर लिहून ठेवलं होतं. वचन दोघांनाही मान्यच होतं, तरी एकमत झालं नाही.

आता आपल्या कॅथलिक घरातलंही सांगतो. शास्त्र हा एक झरा आणि परंपरा हा दुसरा, अर्धं सत्य इथे, अर्धं तिथे, असं पुष्कळ कॅथलिक शिक्षक शिकवत आले. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपुढे १९६२ साली ‘प्रकटीकरणाचे (देवाने स्वतःला प्रकट करण्याचे) दोन स्रोत’ अशा आशयाचा मसुदा आला. १३६८ बिशपांनी त्यावरची चर्चा थांबवा म्हटलं, ८२२ जणांनी चालू ठेवा म्हटलं. नियमाप्रमाणे दोन तृतीयांश मतं भरत नव्हती, तरी पोप योहान तेविसावे यांनी मसुदा मागे घेतला. तीन वर्षं घासाघीस होऊन १८ नोव्हेंबर १९६५ रोजी नवा दस्तऐवज २३४४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. शास्त्र आणि परंपरा एकाच दैवी झऱ्यातून येतात, आणि ख्रिस्तसभेचा शिकवण्याचा अधिकार देवशब्दाच्या वर नसून त्याच्या सेवेत आहे, असं तो म्हणतो. हे दुसरं वाक्य आपल्यातले काही उत्साही लोक वाचायचं विसरतात.

तेव्हा माझं उत्तर : एकमेव आधार? नाही. पण शास्त्राविरुद्ध जाईल ते ख्रिस्ती सत्य असू शकत नाही, एवढं जावेला खुशाल कबूल करा. आणि संतांच्या विनंतीसाठी ओढूनताणून वचन शोधू नका. ‘स्वर्गातल्या संतांकडे विनंती करा’ अशी थेट आज्ञा शास्त्रात नाही. ही ख्रिस्तसभेची फार जुनी प्रथा आहे, असं सरळ सांगावं.

प्रश्न : परंपरेलाही अधिकार दिला, तर उद्या कोणतीही रूढी ‘परंपरा’ म्हणून गळ्यात मारता येईल ना?

उत्तर : येईल, आणि मारली गेलीही आहे. म्हणूनच मार्कचा सातवा अध्याय कॅथलिकांनी वरचेवर वाचावा. आईवडिलांना द्यायचं ते ‘कुर्बान’ म्हणजे देवाला वाहिलेलं ठरवून मोकळं होणाऱ्यांना येशूने तिथे चांगलंच फैलावर घेतलं आहे. तिसऱ्या शतकात बिशप सिप्रियन म्हणाला होता, की सत्य नसलेली रूढी म्हणजे जुनी झालेली चूक.

सगळ्या परंपरा एका मापाच्या नाहीत. धर्मगुरूंचं ब्रह्मचर्य हा लॅटिन, म्हणजे पश्चिमेकडच्या कॅथलिक, ख्रिस्तसभेचा नियम आहे. पूर्वेकडच्या कॅथलिक मंडळींत विवाहित धर्मगुरू आहेत. नियम बदलू शकतो. येशू खरा देव आणि खरा मनुष्य, ही शिकवण तशी नाही. आणि कोणी ‘ही प्रेषितांची गुप्त शिकवण, फक्त आमच्याकडे आहे’ म्हणाला, तर सावध व्हा. दुसऱ्या शतकात बिशप इरेनियसपुढे असेच दावे करणारे होते. त्याचा प्रतिवाद साधा होता : प्रेषितांनी जे दिलं ते उघडपणे, सगळ्या मंडळींना दिलं, कुठेही जाऊन विचारा.

प्रश्न : ज्यांनी शास्त्र कधी पाहिलंच नाही, त्यांच्याकडे सत्य नाहीच का?

उत्तर : असं शास्त्रच म्हणत नाही. आकाश देवाचा महिमा सांगतं, असं १९वं स्तोत्र म्हणतं. मोशेचं नियमशास्त्र न मिळालेल्यांच्या हृदयावरही त्याची मागणी लिहिलेली असते आणि त्यांचा विवेक साक्ष देतो, असं पौल म्हणतो. रोमकरांस पत्र, दुसरा अध्याय, १४ ते १६ ही वचनं. आणि हो, आधीची तेराही वाचा.