तुझ्या पटकथेच्या शेवटाबद्दल

प्रिय मित्रा,

पटकथा वाचली. संवाद छान उतरलेत, पण शेवट मला मान्य नाही. नायक जीव देतो, चिठ्ठी नायिकेच्या हाती पडते आणि मग तो लांबलचक फ्लॅशबॅक. कोवळं ऊन, दोघांचं हसणं, मागे बासरी. प्रसंग सुंदर झालाय, आणि भीती वाटते ती त्याचीच.

त्यात सगळ्या गोड आठवणीच आहेत. त्याच्या झोप उडालेल्या रात्री, न उचललेले फोन, महिनोन्‌महिने कशातच न लागणारं मन कुठे आहे? ते नसल्यामुळे प्रेक्षक एवढंच घेऊन उठेल की ती सोडून गेली म्हणून तो गेला. आत्महत्येमागे सहसा एकच कारण नसतं. नैराश्य, व्यसन, कर्ज, एकटेपणा असं बरंच काही एकमेकांत गुंतलेलं असतं. तू ते सगळं त्या मुलीच्या माथी मारलंस. ती खोटं बोलली असेल तर त्याचा जाब तिला जरूर विचार. त्याच्या मरणाचा नको. आणि चिठ्ठी वाचून ती कोसळते तेव्हा मरण हे सूड घ्यायचं साधन होऊन बसतं. एखाद्या दुखावलेल्या पोराला नेमकं तेच खरं वाटू शकतं.

ही माझी नसती काळजी नव्हे. जर्मन लेखक गटेची वेर्थरची कादंबरी १७७४ साली आली. तिचा नायक वेर्थर प्रेमभंगानंतर जीव देतो. गाजलेल्या आत्महत्येनंतर होणाऱ्या अनुकरणाला १९७४ मध्ये समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी त्याच वेर्थरचं नाव दिलं. उलट मोझार्टच्या १७९१ च्या ऑपेरातला पापागेनो जीव द्यायला निघतो, तेव्हा तीन मुलं त्याला त्याच्याजवळच्या जादूच्या घंटांची आठवण करून देतात आणि तो थांबतो. संकटातून सावरलेल्या माणसाची गोष्ट इतरांनाही सावरू शकते, या परिणामाला आज पापागेनोचं नाव आहे.

म्हणून साधन आणि पद्धत दाखवूच नकोस. फ्लॅशबॅक काप. ती जागा त्याच्या मित्राला दे. दुसऱ्या अंकात तो नुसताच येऊन जातो. त्याला दारात थांबव आणि विचारू दे, "जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतंय का?" असं विचारल्यानं ते डोक्यात शिरतं, हा गैरसमज आहे. नायक म्हणेल, कुणाला सांगू नकोस. मित्रानं हे वचन देऊ नये. त्याच्याजवळ बसून राहावं, घरच्यांना कळवावं, डॉक्टरकडे सोबत जावं. यात नाट्य नाही असं तुला वाटेल. लिहून बघ.

आता पटकथा बाजूला ठेवून तुलाच विचारतो. नायकाचं दुःख फार जवळून लिहिलंस. तुझ्याही मनात असं काही येतं का? येत असेल तर पत्राचं उत्तर लिहीत बसू नकोस, आत्ता फोन कर. कितीही वाजलेले असोत.

तुझा,
सर