युकेमधला २०% फॅटवाला स्वस्त बीफ मिन्स (दळलेलं मांस, म्हणजे कच्चा खिमा) घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं आहे का?

तुम्ही लिहिलंय की लेस्टरला शिकायला आलाय, वसईच्या घरी बीफ खिमा कायम व्हायचा, आणि इथे सुपरमार्केटमधला २०% फॅटवाला मिन्स ५% वाल्यापेक्षा बराच स्वस्त मिळतो पण कढईत टाकला की पाणी आणि चरबी सुटून एवढासाच उरतो, तर माल चांगला की वाईट ओळखायचा कसा. मी बरीच वर्षं युकेत आहे, आमच्याकडे मिन्स सारखा होत असतो, आणि माझं ठाम मत आहे की स्वस्त मिन्स म्हणून वाईट असं अजिबात नाही, फक्त पाकिटाच्या भावावर जाऊ नका, आत मांस किती आहे त्याचा भाव काढा.

हिशोब सोपा आहे. समजा ५% वाला किलोला १० पौंड आहे, त्यात चरबी सोडून ९५० ग्रॅम मांस आलं, म्हणजे निव्वळ मांस साधारण साडेदहा पौंड किलोने पडलं. २०% वाला समजा साडेसात पौंड किलो, त्यात मांस ८०० ग्रॅम, म्हणजे ते पडलं ९ पौंड ३८ पेन्स किलोने. शेल्फवर अडीच पौंडांचा फरक दिसतो आणि खरा फरक सव्वा पौंडाच्या आतच आहे. असंच धरून चाललं तर ५% वाला १० पौंडाला असताना २०% वाला साधारण ८ पौंड ४० पेन्सच्या खाली असेल तरच घेण्यात अर्थ आहे, त्याच्या वर असेल तर तुम्ही चरबीचे पैसे मांसाच्या भावाने देताय. मधला १२% वाला असतो तोही या हिशोबात घालून बघा, कधीकधी तोच सगळ्यात परवडतो आणि लोक त्याच्याकडे बघतच नाहीत. शेल्फच्या लेबलवर किलोचा भाव बारीक अक्षरात असतोच, आणि ५०० ग्रॅमचं पाकीट आणि ७५० ग्रॅमचं पाकीट यांचा किलोचा भाव वेगळा असतो हेही लक्षात ठेवा. न्यूट्रिशनचा तक्ता वाचताना तो कच्च्या मिन्सचा आहे की परतून चरबी काढल्यानंतरचा आहे ते आधी बघा, कारण काही दुकानं शिजवलेल्याचे आकडे देतात आणि मग दोन ब्रँडची तुलना पार चुकते.

आता क्वालिटी. पाकिटावर फॅटच्या आकड्याशेजारी अजून एक आकडा असतो, कोलॅजन आणि मीट प्रोटीनचा रेशो. तो कोणी वाचत नाही आणि मला तर तो जास्त महत्त्वाचा वाटतो. कोलॅजन म्हणजे शिरा, पडदे, मांसाला हाडाशी बांधणारा चिवट भाग. युरोपियन युनियनच्या नियमांतून ज्या मर्यादा आल्या त्यात 'लीन' मिन्सला फॅट ७% आणि हा रेशो १२% पर्यंत, आणि साध्या बीफ मिन्सला फॅट २०% आणि रेशो १५% पर्यंत चालतो. म्हणजे दोन पाकिटांवर फॅट सारखंच असेल पण एकावर रेशो कमी असेल तर त्यात शिरा कमी आणि नुसतं मांस जास्त आहे, भाव तोच असेल तर डोळे झाकून ते घ्या. दाताखाली रबरासारखे कण येतात ना, ते यातूनच येतात.

स्वस्त मिन्समध्ये जातं काय तर बहुतेक पुढच्या भागाचं मांस, मान, खांदा, छातीकडचं, शिवाय महागडे कट काढताना उरलेले तुकडे, आणि दूध देऊन झालेल्या डेअरीच्या गाई. या धंद्यात तुकडे 'व्हिज्युअल लीन' वर विकले जातात, म्हणजे डोळ्याला दिसणारं मांस किती, ८० व्हीएल, ९५ व्हीएल असं, आणि ते मिसळून हवं ते फॅट जमवतात. यात वाईट काही नाही हो, उलट म्हाताऱ्या गाईच्या मांसाला चव दांडगी असते, फक्त ते चिवट असतं आणि मशीनने बारीक केल्यावर तो प्रश्न बराचसा सुटतो. वसईत तुम्ही जे खात होतात ते बहुतेक म्हशीचं-रेड्याचं असणार, कारण २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीचं मांस गडद आणि चरबी पांढरीशुभ्र, आणि इथलं गाईचं मांस त्यापेक्षा फिकं आणि गवतावर वाढलेल्या गाईची चरबी पिवळसर, त्यामुळे पिवळी चरबी दिसली म्हणून माल जुना समजू नका.

रंगावर तर अजिबात जाऊ नका. प्लास्टिकच्या ट्रेमधला लालभडक मिन्स लाल दिसतो कारण पाकिटात मुद्दाम जास्त ऑक्सिजन भरलेला असतो, ७०-८०% पर्यंत. मांसातलं मायोग्लोबिन (मांसाला रंग देणारं प्रोटीन) ऑक्सिजन मिळाला की लाल, अजिबात नाही मिळाला की जांभळट, आणि थोडाच मिळाला की तपकिरी होतं. म्हणून वरून लाल आणि आत तपकिरी निघालेला मिन्स फसवाफसवी नसते, आत हवा पुरेशी पोचलेली नसते एवढंच. सेन्सबरीज या सुपरमार्केटने २०२३ मध्ये प्लास्टिक वाचवायला मिन्स व्हॅक्यूम पॅकमध्ये आणला तेव्हा लोकांनी विटेसारखा दाबलेला लगदा म्हणून केवढी बोंबाबोंब केली. त्याचं पाकीट फोडलं की थोडा वास येतो आणि रंग जांभळा असतो, दहा-पंधरा मिनिटं ताटात मोकळा करून ठेवा, वास जातो आणि रंगही उजळतो. पण तो वास गेला नाही, आंबूस आला, किंवा हाताला चिकट बुळबुळीत लागलं तर तारीख काहीही असू दे, फेकून द्या.

पाण्याबद्दल बऱ्याच जणांना वाटतं की कंपन्या पाणी मारतात. नुसता 'बीफ मिन्स' म्हणून जे विकतात त्यात बीफच असतं, बाहेरून पाणी घातलं तर ते लेबलवर यावं लागतं, त्यामुळे घटकांची यादी बघा, यादीत बीफशिवाय पाणी, सोया, स्टार्च असलं काही दिसलं तर तो मिन्स नव्हे, त्याला मिन्सचा भाव देऊ नका. बाकी मांसातच जवळपास ७०-७५% पाणी असतं आणि ते गरम केल्यावर सुटणारच. खूप सुटतंय कारण थंडगार मिन्स अर्धवट तापलेल्या छोट्या कढईत सगळा एकदम ओतला जातो. जाड बुडाची पसरट कढई, चांगली तापवून, तेल न घालता, थोडा थोडा टाका आणि पहिली दोन मिनिटं हलवू नका, मग बघा.

घरच्या घरी पारखायचं असेल तर नवीन ब्रँडचा मिन्स एकदा वजन करून कोरडा परता, सुटलेलं सगळं काचेच्या वाटीत ओता आणि फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा. वर पांढरा थर जमतो ती चरबी, खाली थरथरणारी जेली जमली तर तो कोलॅजनचा अंश, आणि नुसतं पाणी राहिलं तर पाणी. मांसाचं वजन परत करा. दोन दुकानांचा माल असा शेजारी ठेवला की लेबलपेक्षा जास्त कळतं. चरबी सिंकमध्ये मात्र ओतू नका, लंडनच्या व्हाइटचॅपलला २०१७ मध्ये गटारात याच असल्या चरबीचा १३० टनांचा गोळा सापडला होता. ती जेली फेकू नका, रश्शात घाला.

कुठला कशाला तेही महत्त्वाचं आहे. आपला खिमा-मटार, आलं-लसूण-कांदा-मसाला घालून अर्धा तास मंद आचेवर शिजवायचा तर २०% वाला उत्तम, तेल घालावं लागत नाही, आधी चरबी काढून त्यातलीच चमचाभर कांदा परतायला घ्यायची. कबाब, बर्गर यांना १५-२०% च हवा, ५% वाल्याचे कबाब कोरडे ठक्क होतात. ५% वाला मी फक्त वाटाण्याच्या उसळीत किंवा पराठ्यात भरायला, जिथे चरबी सुटून चालत नाही तिथे घेतो. बर्गर करताना रंग बघून उतरवू नका, ऑक्सिजनवाल्या पॅकचा मिन्स आत कच्चा असतानाच तपकिरी दिसतो, म्हणून थर्मामीटर घ्या, आत ७० अंश आणि तिथे दोन मिनिटं. मिन्समध्ये बाहेरचे जंतू आतपर्यंत मिसळलेले असतात, स्टेकसारखा अर्धा कच्चा खाता येत नाही.

२०१३ च्या जानेवारीत आयर्लंडच्या फूड सेफ्टी अथॉरिटीला स्वस्त फ्रोझन बर्गरमध्ये घोड्याचं मांस सापडलं होतं, एका बर्गरमध्ये तर २९%, तेव्हापासून इथे लोकांना स्वस्त म्हटलं की धाकधूक वाटते. पण ते प्रकरण बर्गर, लझान्या असल्या तयार मालाचं होतं. शंका वाटत असेल तर घटकांत फक्त बीफ असलेला, कत्तल कुठे झाली आणि मूळ देश कुठला ते लिहिलेला साधा मिन्स घ्या. नाहीतर सरळ खाटकाकडे जा, लेस्टरला हलाल दुकानं भरपूर आहेत, काउंटरवर आधीच दळून ठेवलेला न घेता 'खांद्याचं दाखवा आणि समोर दळा' म्हणा, चरबी किती घालायची तेही तुम्हीच सांगा.

आणि विद्यार्थी आहात म्हणून, संध्याकाळी उशिरा पिवळ्या स्टिकरवाला (तारीख संपत आली म्हणून भाव उतरवलेला) मिन्स दिसला तर घ्या, यूज बाय (वापरायच्या शेवटच्या) तारखेच्या दिवसापर्यंत फ्रीझ करता येतो. ५०० ग्रॅमचं पाकीट झिपवाल्या पिशवीत चपटं दाबून ठेवा, लवकर गोठतं आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभरात सुटतं, बाहेर ओट्यावर ठेवून वितळवू नका.