‘मागे टाकले’ की ‘मागे राहिले’?

प्रश्न असा आला आहे : “‘1967च्या ग्रँड नॅशनलमध्ये फॉइनाव्हनने सर्व घोड्यांना मागे टाकून विजय मिळवला’ असं एका अनुवादात वाचलं. ‘मागे टाकणे’ इथे योग्य आहे का?”

ग्रँड नॅशनल ही इंग्लंडमधली, कुंपणांवरून उड्या मारत धावायची घोड्यांची शर्यत, म्हणजे स्टीपलचेस. वाक्यात व्याकरणाला काही दुखत नाही, पण झालं ते असं नव्हे. ‘मागे टाकणे’ म्हटलं की टाकणाऱ्याचा वेग आला. फॉइनाव्हनकडे नेमका तोच नव्हता. पैजेत त्याचा भाव होता एकास शंभर, आणि त्याचा प्रशिक्षकसुद्धा त्या दिवशी लिव्हरपूलजवळच्या एन्ट्रीला न येता वूस्टरच्या शर्यतींना गेला होता!

44 घोडे धावत होते. पॉपहॅम डाउनचा स्वार पहिल्याच कुंपणाशी पडला, तरी घोडा रिकाम्या खोगिराने बाकीच्यांबरोबर पळत राहिला. तेविसाव्या कुंपणापाशी, म्हणजे मैदानातल्या सर्वांत बुटक्यांपैकी एका कुंपणापाशी, तो एकदम आडवा वळला. मागून येणारे त्याच्यावर आणि एकमेकांवर आदळले. काही स्वार कुंपणापलीकडे, घोडे अलीकडे. ‘घोडं अडणं’ हा आपला वाक्प्रचार इतका शब्दशः खरा झालेला मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही. फॉइनाव्हन बराच मागे होता, म्हणूनच त्याचा स्वार जॉन बकिंगहॅम याला गोंधळ दिसला, फट शोधायला वेळ मिळाला आणि त्याने घोडा पार नेला.

म्हणून मी लिहीन : ‘बाकीचे अडले आणि फॉइनाव्हन पुढे निघून गेला.’ ‘मागे राहिले’ही चालेल. मात्र दुसऱ्या टोकाला जाऊन ‘आयता विजय’ म्हणू नये. पुढे आणखी सात कुंपणं होती, आणि पैज लावणाऱ्यांचा सर्वांत आवडता घोडा हनी एंड सावरून पाठलाग करत होता. तो 15 लांब्यांनी (एक लांबी म्हणजे एका घोड्याची लांबी) दुसरा आला. बकिंगहॅमपुरतं ‘बाजी मारली’ मला मान्य आहे.

जाता जाता : त्याच वाक्यापुढे स्टीपलचेसला ‘अडथळ्यांची शर्यत’ म्हटलं आहे. हर्डल्सलाही आपण तेच म्हणतो, त्यामुळे बीडचा धावपटू अविनाश साबळे याची नेमकी शर्यत कोणती, हा घोळ बातम्यांत होतो. ‘स्टीपलचेस’च ठेवावं.

आणि 1984पासून त्या तेविसाव्या कुंपणाचंच नाव फॉइनाव्हन आहे. तेव्हा ‘अमका घोडा फॉइनाव्हनला पडला’ असं न लिहिता ‘फॉइनाव्हन कुंपणाशी पडला’ लिहावं, नाहीतर वाचक दुसरा घोडा शोधत बसेल.