तोरणमाळला पहिल्यांदा जाताय?

भाऊ, शहाद्याहून घाट चढून तोरणमाळला, नंदुरबार जिल्ह्यातल्या या थंड हवेच्या ठिकाणी, जाताय, तर यशवंत तलाव आणि सीताखाईची दरी बघून दुपारीच उतरू नका. मुक्काम करा. सातपुड्याची खरी मजा पाड्यावर आहे: पावरा आदिवासींच्या घरातली मक्याची भाकर, उडदाची डाळ, सोबत मिरचीचा ठेचा. जेवणाचं आधी सांगून ठेवा. तिथे मेनूकार्ड नसतं, आणि नसलेलंच बरं. पैसे मात्र चोख द्या, घासाघीस नको. उन्हाळ्यात धडगावकडे कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या दिसतील, आमचूर तिथूनच घ्या. होळीला जमलं तर आधी भोंगऱ्या बाजार, म्हणजे होळीआधीचा आदिवासींचा बाजार, मग काठी गावची, जुन्या संस्थानाची राजवाडी होळी. नाचणाऱ्यांचे फोटो विचारूनच काढा. रेंजचा भरवसा नाही. रोख पैसे शहाद्यातच काढा, पेट्रोलही तिथेच भरा.